दहात एक: खानापूरच्या एका मुलीचा लॉ स्कूलचा हिशेब

2024 चा जून. बेळगावात पाऊस लागून आठवडा झाला होता. माझ्या पीयू सेकंडच्या, म्हणजे बारावीच्या, वर्गातली एक मुलगी आणि तिचे वडील टिळकवाडीत घरी आले. वडिलांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, आणि त्या दुसरीत एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, मार्कलिस्ट. 625 पैकी 583. ओल्या हातांनी ती माझ्यासमोर ठेवून वडील म्हणाले, "बेंगळूरच्या लॉ स्कूलला हिचा किती टक्के चान्स हाय, तेवढं सांगा की, टीचर."

हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. मेडिकलचा असेल, इंजिनिअरिंगचा असेल, तर मी हात वर करते. इथे मात्र मी आकडा सांगितला. तो चुकला. आणि जो सांगितला त्याहून भलताच गावात पोचला. पीयू कॉलेजात मुलांना सल्ला देणाऱ्या माझ्यासारख्या मास्तर-मास्तरणींना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. घरच्यांना विचारलं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर खानापूर तालुक्यातलं. भात, थोडा ऊस. वडील हंगामात वीटभट्टीवर मुकादम. मुलगी पहिलीला आजोळी, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात होती. दुसरीपासून गावातल्या मराठी शाळेत, मग मराठी हायस्कूल, मग बेळगावात पीयू आर्ट्स. घरात आई, धाकटा भाऊ आणि आजोबा. आजोबांकडे पुढे वळावं लागणारच आहे.

मार्कलिस्टपासून सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात वडिलांचा विरस केला. नागरभावीच्या नॅशनल लॉ स्कूलच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो तो क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. एसएसएलसीचे 93 टक्के तिथे कुणी बघत नाही. पीयूचे 45 टक्के पडले की पात्रता झाली, 45 आणि 98 तिथे सारखेच. आपल्याकडे मार्कलिस्ट हीच मुलाची कुंडली, त्यामुळे हे पचायला जड जातं. "मग एवढा अभ्यास केला तो?" असं वडिलांनी विचारलं. तो वाया नाही, एवढंच म्हणाले. समजावून सांगायला माझ्याकडेही त्या वेळी नीट वाक्य नव्हतं.

क्लॅटमध्ये 120 प्रश्न, 120 मिनिटं. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर पाव गुण जातो. पेपर इंग्रजीतच. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याची तर्कशक्ती, साधी तर्कशक्ती आणि थोडं गणित. 2020 पासून जवळपास सगळे प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि एकेक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंत जातो. म्हणजे नुसते उतारे वाचायचे म्हटले तरी आठ-दहा हजार शब्द होतात. हा आकडा लक्षात ठेवा.

रांग कुठली

चान्स म्हणजे आधी रांग. एकाच गुणांना एका रांगेत जागा मिळते, दुसरीत मिळत नाही. म्हणून तयारीबद्दल बोलायच्या आधी मी कागद मागवले.

जात मराठा. कर्नाटकाच्या मागासवर्गीयांच्या यादीत मराठा 3बी या गटात येतो आणि राज्याच्या प्रवेशात त्याचा उपयोग होतो. राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी, आणि इथे लागते ती केंद्राची. बेळगावच्या मराठ्याला केंद्राच्या यादीत ओबीसी धरत नाहीत. त्यामुळे लॉ स्कूलसाठी तिच्या 3बीच्या दाखल्याचा मी विचार केला नाही. सीमाभागात ही चूक दर वर्षी बघते: 3बीचा दाखला लॅमिनेट करून ठेवलेला असतो आणि प्रत्येक फॉर्मला जोडला जातो.

मग आर्थिक दुर्बल गट. उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे हे पिशवी बघूनच कळत होतं. पण त्या नियमात शेतीची अटही आहे. कुटुंबाची शेती पाच एकर किंवा त्याहून जास्त असली, की उत्पन्न कितीही कमी असो, बाहेर. वडिलांच्या नावचा जमिनीचा उतारा आणायला सांगितला. 5 एकर 6 गुंठे. त्यातलं दीड एकर निव्वळ बरड, गवताशिवाय काही उगवत नाही, रानडुकरांचीच वहिवाट. नियमाला बरड आणि भातखाचर सारखंच. सहा गुंठ्यांनी रांग हुकली.

पुढच्या आठवड्यात वडील परत आले ते एकाचा सल्ला घेऊन: दहा गुंठे भावाच्या नावावर करायचे, मग दाखला निघतो. मी नको म्हणाले. तत्त्वाचा आव आणत नाही. जमिनीची वाटणी एकदा कागदावर चढली की मुलीच्या शिक्षणासाठी केलेले दहा गुंठे पुढे दोन घरांची तोंडं बंद करतात, हे खानापुरात वेगळं सांगायला नको. मुलगी बाजूला बसून ऐकत होती. ती म्हणाली, "वकील व्हायला असा कागद करून जायचं?" वडील हसले आणि विषय संपला.

उरली सर्वसाधारण रांग. तिच्यात दोन आडव्या रांगा आहेत. मुलींसाठी 30 टक्के, आणि कर्नाटकात शिकलेल्यांसाठी 25 टक्के. आडवं आरक्षण म्हणजे वेगळा कप्पा नव्हे. यादी लागल्यावर त्यात ठरलेल्या संख्येइतके लोक आधीच आले असतील तर आणखी कुणाला वर ओढत नाहीत. कमी पडले तरच ओढतात. मुली या परीक्षेत भरपूर येतात, त्यामुळे 30 टक्क्यांचा तिला फायदा मी शून्य धरला. 25 टक्क्यांचं तसं नाही. सगळ्या देशातून मुलं येतात, त्यात कर्नाटकातली आपोआप चौथा हिस्सा भरत नाहीत. त्यामुळे सर्वसाधारण यादी देशातल्या पहिल्या शंभर-सव्वाशे क्रमांकांच्या आसपास थांबते, तर कर्नाटकची त्याहून बरीच खाली उतरते. तिच्यासाठी उघडं असलेलं दार हेच एक होतं.

आणि नेमकं याच दाराबद्दल घरात सगळ्यांची खात्री होती की ते आपल्यासाठी नाही. "आमी मराठी मीडियमचे. कर्नाटकचा कोटा आमाला कसा लागेल?" ही अफवा कुठून येते ते सांगते. राज्याच्या सीईटीत कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी पाच टक्के जागा आहेत, त्या मराठी माध्यमाच्या मुलाला खरोखरच मिळत नाहीत. तेवढ्यावरून सगळीकडेच असं असणार, असं गृहीत धरलं जातं. लॉ स्कूलचा नियम माध्यम विचारत नाही, मातृभाषाही विचारत नाही. कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात किमान दहा वर्षं शिकलेलं असावं, एवढंच. तिची दुसरी ते पीयू सेकंड मोजली तर अकरा होतात. पहिली चंदगडला झाली, तरी सलग अकरा.

आता आजोबा. वय अठ्ठ्याहत्तर. 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात पाठीवर लाठ्या खाल्लेले, 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, आजही काळी फीत लावून खानापूरला जाणारे. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात 2004 साली दावा घातला, तेव्हापासून घरात तारखांचा हिशेब त्यांच्याकडे. नातीनं वकील व्हावं ही हौसही मुळात त्यांचीच. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आता आमी कर्नाटकचे म्हणून लिहून द्यायचं का, बाई?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मी जमीनजुमला, टक्के, वर्षं सगळं मोजून गेले होते, आणि हा प्रश्न माझ्या हिशेबातच नव्हता. उत्तर नातीनं दिलं. "आजा, मी कुठली हे त्यांनी विचारलंच नाही. मी कुठं शिकले ते विचारलंय. शाळा गावातच हाय, ती काय चंदगडला नेऊन ठेवता येतीय?"

आजोबांनी तंबाखू तोंडात टाकली. थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगी वाद घालायला शिकलीय." मला त्या क्षणी तिच्या कायद्याच्या तर्कशक्तीबद्दल जेवढं कळलं तेवढं पुढच्या चार मॉकमधून, म्हणजे सराव परीक्षांमधून, कळलं नाही.

कागद मात्र सुखासुखी मिळाला नाही. शाळेच्या रजिस्टरात ती तिसरीला दाखल झाल्याची नोंद निघाली, दुसरीचं वर्षच गायब. दहा वर्षं तरीही भरत होती, पण दोन कागदांत दोन साल असले की पडताळणीत अडकतं. दुरुस्ती, मग शिक्षणाधिकाऱ्यांची सही, असे तीन महिने आणि वडिलांचे पाच खाडे गेले. हे जूनमध्येच सुरू केलं म्हणून जमलं.

घड्याळ लावून

आता गुण. पहिला मॉक तिनं जूनच्या शेवटी माझ्यासमोर बसून दिला. 78 प्रश्न सोडवले, 50 बरोबर, 28 चूक. पाव-पाव वजा जाता 43. सर्वसाधारण यादीला नव्वदीच्या घरात जावं लागेल आणि कर्नाटकच्या यादीला 82 तरी हवेत, असं मी मनाशी धरलं होतं. पेपर सोपा-अवघड निघेल तसं हे वरखाली होतं, पण मोजायला काहीतरी खुंटी लागते.

43 वरून 82. अंतर बघून सोडून देण्यासारखं. पण चुकलेले प्रश्न बघताना लक्षात आलं की न सुटलेले 42 प्रश्न शेवटचे आहेत, अवघड म्हणून सोडलेले नाहीत. तिथपर्यंत ती पोचलीच नव्हती. मग मोबाईलचं घड्याळ लावून एक उतारा वाचायला दिला. ओठ हलत होते, पेन्सिल प्रत्येक ओळीखाली सरकत होती, मध्येच नजर मागे जात होती. मिनिटाला 110 शब्द. पेपरातले नऊ हजार शब्द धरले तर नुसत्या वाचनाला 82 मिनिटं. उरलेल्या 38 मिनिटांत 120 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 19 सेकंद. मराठी वर्तमानपत्राचं पान दिलं तर हीच मुलगी दुपटीच्या वेगानं वाचत होती.

अडत कुठे होती तेही त्या पेन्सिलीनं दाखवलं. कराराच्या कायद्यावर एक उतारा होता. त्यात 'कन्सिडरेशन' हा शब्द आला की ती थांबायची. तिच्या डोक्यात त्याचा अर्थ 'विचार'. "विचार न करता केलेला करार रद्द होतो" असा अर्थ लावून तिनं पाचही प्रश्न चुकवले होते, आणि गंमत म्हणजे तो अर्थ धरला तर तिची पाचही उत्तरं सुसंगत होती! मी म्हटलं, खरेदीखतात मोबदला लिहितात ना, तो. प्रतिफल. ती एकदम सरळ बसली. मग तो उतारा परत सोडवला, पाचपैकी चार बरोबर.

पुढचा उतारा दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याच्या हक्कावर होता. त्याला तिनं वेळच लावला नाही. त्यांच्या शेताला जायची वाट चुलत्याच्या बांधावरून जाते आणि त्यावरून दोन पावसाळे भांडण चालू आहे. वहिवाट म्हणजे काय हे तिला पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

म्हणून तयारीचा सगळा भर वाचनावर ठेवला. रोज सकाळी सात ते आठ, इंग्रजी वर्तमानपत्रातले दोन अग्रलेख, पेन्सिल खाली ठेवून. शब्दांची वही, पण अर्थ मराठीत आणि शक्यतो जमिनीच्या उताऱ्या-खरेदीखतातल्या मराठीत. गणिताला फार वेळ दिला नाही. दहा-चौदा प्रश्नांसाठी जीव काढण्यात अर्थ नव्हता. ऑगस्टात मॉक 54 वर गेला. ऑक्टोबरात 91 सोडवले, 70 बरोबर, 64.75. नोव्हेंबरचे तीन मॉक 72, 66.5 आणि 70. वाचनाचा वेग मिनिटाला 155 शब्द.

नोव्हेंबरात वडिलांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी सरासरी काढली, वाढीचा थोडा अंदाज मिळवला, 70 ते 75 पडतील म्हणाले, आणि लॉ स्कूलचा चान्स "दहात एक" असं सांगितलं. आज वही उघडून बघते तेव्हा दिसतं की 82 च्या खुंटीशी तिचा एकही मॉक पोचला नव्हता. सर्वात चांगल्या दिवशीही दहा गुण कमी होते. पन्नासात एक म्हणायला हवं होतं. ओसरीवरच्या त्या वाक्यानंतर माझा हात सैल सुटला होता, दुसरं कारण नाही.

त्याहून मोठा घोटाळा वेगळाच झाला. दहा दिवसांनी खानापूरच्या बसस्टँडवर तिच्या गावचे एक गृहस्थ भेटले आणि अभिनंदन केलं. "टीचर, पोरीचा दहात नंबर येणार म्हणून सांगितलासा म्हणं!" दहा वेळा परीक्षा दिली तर एकदा लागेल, असं मला म्हणायचं होतं. वडिलांनी ऐकलं ते दहाजणांत एक. त्यांचा दोष नाही. आपल्या बोलण्यात 'शंभरात एक' मुलगा म्हणजे हिरा. मी तोच शब्दप्रयोग उलट्या अर्थानं वापरला आणि कळेल असं गृहीत धरलं. तोवर आजोबांनी भावकीत सांगून झालं होतं. मुलीला हे माहीत होतं. तिनं मला सांगितलं नाही, कारण तिला वाटलं मी खरोखरच तसं म्हणाले असेन.

परीक्षा 1 डिसेंबरला, रविवारी, दुपारी दोन ते चार. बेंगळूरला मावसभाऊ राहतो म्हणून केंद्र तिथलं घेतलं होतं. आदल्या रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस. रिझर्वेशन एकच कन्फर्म झालं होतं, ते तिला दिलं, पण वडील उभे आहेत म्हणून ती रात्रभर अर्ध्या बर्थवर बसून गेली. मी घेतलेले सगळे मॉक सकाळचे, झोप झालेले, घरच्या टेबलावरचे. दुपारी दोनचा एकही नाही. गुण आले 64.25. देशात चार आकडी क्रमांक.

निकाल 7 डिसेंबरला लागला, तरी प्रकरण मिटलं नाही. उत्तरतालिकेतल्या काही उत्तरांवरून मुलं दिल्ली उच्च न्यायालयात गेली, 20 डिसेंबरला एका न्यायमूर्तींनी दोन प्रश्नांबाबत त्यांची बाजू धरली, वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सुधारित यादी मे 2025 मध्ये आली. तिला त्यानं फरक पडणार नव्हता, गुणाच्या एखाद-दुसऱ्या तुकड्याची ही गोष्ट नव्हती. पण घरात आशा लागून राहिली ती पाच महिने. एकटे आजोबा निवांत होते. "केस कोर्टात गेली की वेळ लागणारच," म्हणाले, एकवीस वर्षांच्या अनुभवावरून.

दूरच्या एखाद्या लॉ युनिव्हर्सिटीत जागा मिळाली असती का, याचा विचार झाला. समुपदेशनाच्या फेरीत उतरायलाच तेव्हा सर्वसाधारण गटाला 30,000 रुपये भरावे लागत होते, आणि पुढे राहणं-जेवण धरून वर्षाची फी दोन-तीन लाखांच्या घरात. बेंगळूरसाठी कर्ज काढायची वडिलांची तयारी होती, तिथली आर्थिक मदतीची योजनाही मी वाचून ठेवली होती. पण ज्या गावाचं नाव नकाशात शोधावं लागतं तिथल्या कॉलेजासाठी त्यांचं मन होईना, आणि मीही आग्रह केला नाही. पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज महाराष्ट्राच्या लॉ सीईटीतून मिळू शकलं असतं, ती परीक्षा मराठीतही असते, पण क्लॅटच्या नादात तिचा अर्ज भरायचा राहिला. ही चूक सरळसरळ माझी.

ती आता बेळगावातच पाच वर्षांच्या लॉला आहे. ज्या गावातल्या लॉ कॉलेजात ई. एस. वेंकटरामय्या शिकले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, तिथे शिकते म्हणजे काही कमी नाही, असं मी तिला म्हणाले. तिनं नम्रपणे मान हलवली. मला तरी ते वाक्य सांत्वनासारखंच ऐकू आलं.

ऑगस्ट 2025 मध्ये ती एक पुस्तक परत करायला आली. क्लॅटला वयाची वरची अट नाही, पुन्हा देता येते, हे तिला माहीत होतं. टेबलावर अग्रलेख पडला होता, सवयीनं मी घड्याळ लावलं. ओठ हलले नाहीत. 178. अर्जाचे 4,000 तिनं एका वकिलांकडे टायपिंग करून साठवलेत. या वेळी केंद्र जवळचं मिळतंय का बघणार, आणि मॉक दुपारी दोनलाच देणार. जाताना दारातून मागे वळून म्हणाली, "टीचर, बाबा विचारायला येतील. त्यांना आकडा सांगू नकासा हं."